पहाटेच्या पाळीचा पक्षी

१२ फेब्रुवारी

वही क्लेमान्सनं दिली. म्हणाली, "यापुढे जे काय आहे ते यात लिही, फ्रित्झनेल. माझे कान मला स्वयंपाकाला लागतात." कानांचं स्वयंपाकात काय काम, असं विचारलं तर म्हणाली, भात शिजत आला की बोलतो. मी तिच्या हातचा पुष्कळ भात खाल्लाय, अजून एकही शब्द ऐकलेला नाही.

माझं शिक्षण चार यत्ता. पाचवीत आमचा मास्तरच गाव सोडून पळाला, तेव्हा त्यापुढचं अज्ञान माझं नाही, त्याचं आहे.

मी हैतीचा, ला सेल डोंगरातला, गाजर-कोबीच्या गावचा. सध्या मुक्काम डॉमिनिका. आमच्या शेजारचा तो मोठा डॉमिनिकन देश नव्हे. बोटीत पोटातलं सगळं ओकून झालं की जे हिरवं, चिमुकलं बेट दिसतं, ते हे. आईला अजून वाटतं मी शेजारीच आहे. फोनवर विचारते, एवढ्या जवळ असून रविवारी घरी का येत नाहीस?

इथे मी मा युडोरांच्या लॉजवर डुकरं, गवत आणि पायवाटा बघतो, क्लेमान्स रांधते. लॉज डोंगरात इतकं वर आहे की ढग स्वयंपाकघरातून ये-जा करतात. राहायचे-कामाचे कागद माझ्याकडे नाहीत. म्हणून खाली बाजारात जायचं नाही, गाडीचा आवाज आला की केळीत शिरायचं. पण मा युडोरा देवमाणूस आहेत. परवाच म्हणाल्या, "बाळा, तुझे कागद मी करून देणार. जरा सीझन सरू दे." फोटोही घेऊन ठेवलाय त्यांनी. म्हणजे काम सुरूच झालं म्हणायचं.

१९ फेब्रुवारी

लॉजच्या पाटीवर एक पक्षी रंगवलाय. निळं पोट, लाल शेपूट, डोळे मा युडोरांच्या भाच्यासारखे. पाहुणे या पक्ष्यासाठी येतात. इथले लोक त्याला सिफ्लर म्हणतात, शीळवाला. आमच्या डोंगरात तोच पक्षी आहे, त्याला आम्ही वाजंत्री म्हणतो. खरा पक्षी चिमणीहून थोडा मोठा आणि राखेच्या रंगाचा. गळ्याशी तेवढा विटकरी रुमाल, शेपटीखाली पुन्हा तोच रंग, आणि पाय पिवळे. फांदीवर असा ताठ, गप्प बसतो की समोर असून दिसत नाही. दाखवायला काही नसल्यामुळेच देवानं त्याला गळा दिला असणार.

लॉजच्या मागं पूर्वी हे पक्षी पुष्कळ होते. मग पाहुण्यांना ते नीट बघता यावेत म्हणून मा युडोरांनी मागची झाडं तोडून लाकडी सज्जा बांधला. आता सज्जा आहे. पहाटे पाचला पाहुणे त्यावर घोंगड्या पांघरून बसतात आणि शेजारच्या तेलेमाकबुवाचा कोंबडा ऐकतात.

आज एक जाडी पाहुणी रडकुंडीला आली होती. म्हणाली, तीन विमानं बदलून आले ती कोंबड्यासाठी का? मी खाली ओढ्याकडे नेच्यांत पायवाट मोकळी करत होतो. धुकं होतं, म्हणून सवयीनं शीळ घातली. आमच्याकडे धुक्यात खेचरं उतरवताना वाजंत्र्याची शीळ घालायची पद्धतच आहे, म्हणजे खालून येणारा कडेला अंग चोरून उभा राहतो. न घालणाऱ्याला आमच्या गावात कुणी मुलगी देत नाही. बारीक, लांब सूर काढायचा, थांबायचं, मग दुसरा काढायचा, जणू काचेवर ओलं बोट फिरवतोय. शेवटी गंजलेल्या कडीसारखे दोन झटके.

वर सज्ज्यात ती बाई हमसाहमशी रडायला लागली. मला वाटलं, कुणी मेलं.

२० फेब्रुवारी

बढती मिळाली! डुकरं भाच्याकडे गेली. मी पक्षी झालो.

मा युडोरांनी बोलावून खुर्चीवर बसवलं, कोकोचा चहा दिला. "बाळा, पहाटे पाच ते सात, आणि पाऊस थांबला की अर्धा तास. खोकायचं नाही. दिसायचं नाही. दिसलास की संपलं."

मी विचारलं, "आणि कागद?"

"पक्ष्याला कुठे कागद लागतात रे!" त्या हसल्या, मीही हसलो. मोठ्या बाईंनी आपल्याशी थट्टा करावी, म्हणजे आपल्याला घरचंच मानलं.

२ मार्च

नोकरी वाटते तितकी हलकी नाही. एका मोठ्या नेच्याच्या बुडाशी माझी जागा आहे, तिथे वरून ढग गळतो आणि खालून चिखल चढतो. काल शिंक आली ती गिळली, दिवसभर कानात घुमत होती. पण लॉज भरलंय. काल एका जोडप्यानं सज्ज्यातून बोट करून सांगितलं की पक्षी दिसला, चोच किती नाजूक आहे! ते माझ्या टोपीकडे बघत होते.

क्लेमान्स मात्र खवचट. उकडलेली हिरवी केळी आणि खारा मासा माझ्यापुढे आदळून म्हणाली, "काय वाजंत्री, आज दोन वेळा चुकलात."

"मी? गावात माझ्यासारखी शीळ—"

"तुझ्या गावात असेल. आमचा सिफ्लर सूर काढतो आणि मधेच काहीतरी विसरल्यासारखा थांबतो. शेवटी ते कडीचे झटके नसतात. तुझा पक्षी हैतीचं बोलतो रे. तेलेमाकबुवासुद्धा काल म्हणत होता, हे परकं पाखरू कुठून आलं?"

"मग तसं करू का? विसरल्यासारखं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "करता आलं तर कर. पोटापाण्याला बरं. इथे परकं ऐकू येणं चांगलं नसतं."

करून बघितलं. मला जमतं, पण आवडत नाही. आमचा पक्षी गाणं पुरं करतो. यांचा अर्ध्यावर सोडून निघून जातो, आणि हे लोक त्यालाच कला म्हणतात. मी आपली आमचीच चालू ठेवली. पाहुण्यांना काय कळतंय?

११ मार्च

आज कामावर भांडण झालं. मी दुसरा सूर काढत होतो तोच डोक्यावरच्या फांदीतून कुणीतरी माझ्यावर ओरडलं. बघतो तर अस्सल सिफ्लर! हात लांबवला असता तर धरता आला असता. डोळ्याखाली पांढरी कोर, गळा फुगवून विटकरी रुमाल ताणलेला, पंख खाली सोडलेले, रागानं लटपटत होता. मी शीळ घातली की तो घालायचा, माझ्यापेक्षा मोठ्यानं. मी थांबलो की तोही थांबून वाकून बघायचा, गेला का हा म्हणून. ओढ्याच्या दरडीत, शेवाळात, वाटीएवढं घरटं केलंय त्यांनी. मादी तिथे बसलेली, अगदी त्याच्याचसारखी दिसणारी, पण ती गप्प. भांडायचं काम नवऱ्याकडे दिसतंय.

वरून टाळ्या पडल्या. पाहुण्यांना एकाच्या जागी दोन मिळाले.

मी धावत मा युडोरांकडे गेलो. "मा, खरा आलाय! जोडीनं राहतोय. आता मला माणसाचं काम द्या."

"खरा?" त्या म्हणाल्या. "तो वेळेवर येईल? सुट्टीच्या दिवशी? पावसाळी वातावरण नसेल तेव्हा?"

हे खरं होतं. म्हणजे उद्यापासून पहाटे आधी त्याच्या शिव्या खायच्या, मग काम सुरू करायचं. त्याचं घर आहे, त्याला हक्क आहे. पण मीही पोटासाठीच आलोय हे त्याला कोण सांगणार?

२८ मार्च

एक प्रोफेसर आलेत, थंड देशातले. नाव विटकोम. गुडघे मांड्यांपेक्षा मोठे वाटावेत अशी आखूड चड्डी, आणि काठीला बांधलेला केसाळ माइक. पहिल्या दिवशी क्लेमान्सला वाटलं, मेलेलं मुंगूस घेऊन फिरतायत.

आज पहाटे मी नेहमीसारखं काम उरकलं. ते सज्ज्यात उभे राहून माइक माझ्याकडे रोखून होते. त्या वेळी घरमालक पक्षीही वर बसून केकाटत होता, पण माइक त्याच्याकडे एकदाही वळला नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

३० मार्च

मोठा गोंधळ! प्रोफेसरांनी न्याहारीला काटा खाली टाकून सांगितलं की लॉजमागं गाणारा पक्षी डॉमिनिकाचा नाहीच, तो हैतीच्या डोंगरातला आहे. त्यांनी कानात कसलंसं यंत्र घालून रात्रभर तपासलंय. शेवटचे दोन झटके फक्त तिकडेच असतात. मागच्या मोठ्या वादळानं त्याला समुद्रावरून उडवत आणलं असावं. इतिहासात असं पहिल्यांदा घडतंय. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. "एवढासा जीव! एकटा! आणि तरी गातोय!"

क्लेमान्सनं स्वयंपाकघरात तोंडात फडकं कोंबलं.

मा युडोरा चमचा ढवळत बसल्या होत्या. ढवळणं थांबलं. "प्रोफेसर," त्या म्हणाल्या, "हे वर्तमानपत्रात येईल का?"

६ एप्रिल

आलं. रेडिओवरही आलं. सकाळच्या कार्यक्रमात लोक फोन करतात, तिथे आता दुसरा विषयच नाही. किनाऱ्यावरच्या एक बाई म्हणाल्या, "बिचारं एवढा समुद्र ओलांडून आलंय. आपल्याकडे आसऱ्याला आलेल्याला आपण हाकलणार का? मला तर दोन रात्री झोप नाही." शाळेतल्या मुलांनी पक्ष्यासाठी गाणं म्हटलं. वनमंत्रीणबाईंनी सांगितलं, त्याला या देशात हवं तेवढं राहता येईल, संपूर्ण संरक्षण.

किनाऱ्यावरच्या त्याच बाईंनी पुढं आणखी एक तक्रार केली, की बाजारात हैतीवाले फार झालेत, मिरच्या स्वस्त विकतात, सरकार झोपलंय का. निवेदक म्हणाला, पुढच्या फोनकडे वळू या.

मी क्लेमान्सला म्हटलं, "बघितलंस? पक्ष्याला राहायची परवानगी मिळाली. आता माझीही मिळेल. आवाज तर माझाच आहे."

"अरे वेड्या," ती केळी सोलत म्हणाली, "परवान्याच्या ऑफिसात माझी मावशी झाडू मारते. तिला विचारलं मी. तुझा फोटो तिथं गेलेलाच नाही. तुझं नाव तिथं कुणी ऐकलेलं नाही."

मावशीला कमी ऐकू येत असणार. मा युडोरा सीझन सरायची वाट बघतायत, एवढंच. मागं लागलेलं बरं दिसत नाही.

१४ एप्रिल

(पेन्सिलीनं लिहितोय. पेन ठेवून घेतलं.)

पक्ष्याच्या संरक्षणाला वनखात्याची माणसं आली. हिरवे गणवेश, नवे बूट. लॉजमागच्या रानाला पिवळी फीत बांधली आणि हुकूम वाचला, पक्ष्याला त्रास होऊ नये म्हणून इथे बिनकागदाचा माणूस दिसता कामा नये. मी नेच्याखाली बसून सगळं ऐकत होतो. माझीच पाळी चालू होती.

एकानं काठीनं नेचा बाजूला केला. "अरे! हा बघा, इथे दबा धरून बसलाय! पाखराला पकडायला आलाय!"

"मी पकडत नाही साहेब," मी म्हटलं, "मीच तो आहे."

"कोण?"

"पाखरू."

बोलणं ऐकूनच त्यांनी ओळखलं मी कुठला ते. मला वर सज्ज्याशी नेलं. मा युडोरा उभ्या होत्या. मी म्हटलं, "मा, सांगा ना यांना."

मा युडोरांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं, जसं अंगाला शेण लागलंय का बघतात. "कोण आहे हा?" त्या म्हणाल्या. "परवा दारात आला होता, जेवण मागत. मी दयेनं थोडं दिलं. हल्ली कुणाला काही द्यायची सोय नाही."

प्रोफेसर कळवळले. "त्यानं पक्ष्याला इजा केली नाही ना?"

आता खाली गावातल्या चौकीत आहे. मला वाटतं, मा युडोरांनी चारचौघांत तसं म्हणणं भागच होतं. लॉजची अब्रू आहे. मागून सोडवतील.

१५ एप्रिल

क्लेमान्स डबा घेऊन आली. मीठ जास्त होतं. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "रडताना ढवळलं असेल. माझा दोष नाही, तुझा आहे." मग हसली. मी हसलो नाही. ती मागच्यासारखी "वाजंत्री" म्हणाली नाही आज, नुसतं "फ्रित्झनेल" म्हणाली.

१९ एप्रिल

मा युडोरा आल्या! मी म्हटलंच होतं.

पक्षी गप्प झाल्याला पाच पहाटा उलटल्या. प्रोफेसर जेवत नाहीत. पेपरात आलं की हैतीच्या चोरट्यानं पक्ष्याला घाबरवलं. मंत्रीणबाई सोमवारी स्वतः ऐकायला येणार, आणि पाहुणे सामान बांधायला लागलेत. मा युडोरांनी हवालदाराशी बोलून ठरवलंय, सोमवारी पहाटे मला पहाऱ्यात वर न्यायचं, पाच ते सात नेच्याखाली बसवायचं, मग परत आणायचं.

"एवढं केलंस," त्यांनी गजातून माझा हात धरला, "की कागद. देवाशपथ. नाहीतर गुरुवारी हैतीची बोट आहेच."

दुपारभर विचार केला. कागद द्यायचं मा युडोरांच्या हातात नाही. मंत्रीणबाईंच्या हातात आहे, आणि मंत्रीणबाई प्रोफेसरांचं ऐकतात. प्रोफेसर त्या सुरांसाठी रडलेत, मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांना कळू दे की ते सूर कुणाचे. माझा गळा त्यांना एवढा आवडतो, तर माणूस आवडायला किती वेळ लागणार? चार यत्ता शिकलो असलो तरी एवढं गणित मला येतं.

२१ एप्रिल

पहाटे वर नेलं. हवालदार लेनॉक्स माझ्याशेजारी चिखलात बसला, कुरकुरत. म्हणाला, "लेका, तुझ्यामुळे माझी पँट गेली." माझा डावा हात त्याच्या हाताला बेडीनं बांधलेला होता. सज्ज्यात मंत्रीणबाई, पेपरवाले, प्रोफेसर माइकसकट, मा युडोरा नव्या टोपीत. क्लेमान्स मागं चहाचं तबक घेऊन.

आधी घरमालक गायला. खरा, त्याच्या स्वतःच्या दरडीवरून, अर्ध्यावर विसरत. धुक्यात इतकं गोड लागलं की लेनॉक्ससुद्धा कुरकुरायचं विसरला. मंत्रीणबाई कुजबुजल्या, "हाच का तो?"

"नाही हो," प्रोफेसर म्हणाले, "हा इथलाच, साधा."

मग मी उठलो. लेनॉक्सचा हात बरोबर वर गेला, तो म्हणाला, "ए, ए, बस!" मी त्याला ओढतच नेच्याबाहेर आलो, फीत ओलांडली, सज्ज्याच्या अगदी समोर, मोकळ्यात, उजेडात उभा राहिलो. आणि शीळ घातली. आयुष्यात इतकी चांगली घातली नव्हती. लांब सूर, थांबणं, दुसरा सूर, शेवटचे दोन झटके.

प्रोफेसरांचा चेहरा फुलला. दुर्बीण डोळ्यांना लावून ते ओरडले, "आला! आला!" आणि मला हातानं खुणावलं, "खाली बस, ए माणसा! पक्ष्याच्या आड येतोयस!"

मी बसलो नाही. त्यांच्याकडे बघत पुन्हा घातली.

क्लेमान्सनं तबक ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "साहेब, तो आड येत नाही, तोच गातोय. फ्रित्झनेल नाव आहे त्याचं. फेब्रुवारीपासून माझ्या हातचं जेवतोय." मा युडोरा म्हणाल्या, "आत जा, क्लेमान्स." ती गेली नाही.

प्रोफेसरांनी दुर्बीण खाली घेतली. माझ्या ओठांकडे पाहिलं. मी थांबलो नव्हतो, शेवटचा झटका बाकी होता, तोही त्यांच्या डोळ्यांदेखत दिला. पुरता एक श्वास ते बघत राहिले. मग त्यांनी दुर्बीण पुन्हा वर घेतली आणि माझ्या डोक्यावरच्या झाडात शोधायला लागले.

मंत्रीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. पेपरवाल्यांनी झाडाचे फोटो काढले.

२५ एप्रिल

बोटीवर. मालाची आहे, रताळी आणि साबण. बेडी काढलीय, इथून पळणार कुठे?

धक्क्यावर क्लेमान्स आली होती. मा युडोरांनी तिला काढून टाकलं. मी म्हटलं, माझ्यामुळे. ती म्हणाली, "तुझी किंमत वाढवू नकोस, माझ्या तोंडामुळे." बोट सुटताना तिनं शीळ घालून बघितली. आमची, कडीच्या झटक्यांसकट. इतकी वाईट की खलाशी हसले. मला मात्र हसू आलं नाही. मी रेलिंगशी उभा राहिलो, धक्का दिसेनासा होईपर्यंत.

आता कॅप्टनच्या खोलीत रेडिओ लागलाय. प्रोफेसर बोलत होते. हैतीचा पक्षी सोमवारनंतर ऐकू आलेला नाही, पण काळजीचं कारण नाही, ऋतू बदलला म्हणून तो आपल्या डोंगराकडे परत निघाला असणार. मग मंत्रीणबाई बोलल्या. म्हणाल्या, साऱ्या देशाला त्यानं लळा लावला, आणि त्याला कधीही परत यावंसं वाटलं तर आमच्या बेटाची दारं त्याला सदैव उघडी आहेत.

मी दारातून कॅप्टनला म्हटलं, "ऐकलंत ना? मग वळवा बोट."